टाचणात नसलेला पाठ

आंतरवासिता सुरू होऊन चार-सहा दिवस झाले, की छात्राध्यापकांच्या स्टेटसवर वर्ग दिसू लागतो. फळ्यावर घटकाचे नाव आणि पटसंख्या, बाजूला टाचणवही हातात धरून उभ्या असलेल्या नव्या बाई किंवा नवे सर, समोर मांडी घालून बसलेली तीस-पस्तीस मुले. कुणी हसते आहे, कुणी कॅमेऱ्याकडे बघायचे सोडून शेजाऱ्याची पेन्सिल ओढते आहे. खाली लिहिलेले असते, ‘माझा पहिला पाठ’. या आनंदात खोट काढण्यासारखे काही नाही. सूक्ष्म पाठ झाले, मार्गदर्शकांचे शेरे झेलून झाले, वर्गमित्रांनाच विद्यार्थी मानून शिकवून झाले आणि मग पहिल्यांदा खरी मुले समोर आली. ते कुणाला तरी सांगावेसे वाटणारच.

पण तो फोटो सावकाश पाहायला हवा. गणवेशाच्या खिशावर शाळेचे नाव असते. पहिल्या रांगेतल्या दोघांच्या गळ्यात ओळखपत्र असते आणि आजच्या फोनमधला कॅमेरा ते वाचता येईल इतके स्वच्छ टिपतो. फळ्याच्या कोपऱ्यात इयत्ता, तुकडी आणि तारीख असते. मागच्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता असतो. म्हणजे कोणते मूल, कोणत्या गावी, कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात, आठवड्याच्या कोणत्या दिवशी किती वाजता बसलेले असते, हे सगळे अनोळखी माणसाच्या हाती पडते. आता त्या पस्तीस मुलांत एखादी मुलगी अशी असू शकते, जिची आई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरच्या तालुक्यात आली आहे आणि आपला ठावठिकाणा त्याला लागू नये म्हणून जपते आहे. मुख्याध्यापकांना ते ठाऊक असते, वर्गशिक्षकांना ठाऊक असते. चार दिवसांपूर्वी वर्गात आलेल्या छात्राध्यापिकेला ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. स्टेटस चोवीस तासांनी उतरते, पण त्याची टिपलेली प्रत कुणाच्या फोनमध्ये राहते हे कळत नाही.

हा पाठ टाचणवहीत कुठे बसतो? बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले ते राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर. वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता त्याच बदलात आली, आणि शिक्षकाच्या व्यावसायिक क्षमता वाढवणाऱ्या विषयांत माहिती-तंत्रज्ञानाची चिकित्सक समज हा एक विषय आला. विषयाच्या नावातच ‘चिकित्सक’ हा शब्द आहे. प्रात्यक्षिकाच्या फाइलीत मात्र पुष्कळदा स्लाइड, गूगल फॉर्म आणि एखादा ध्वनिचित्रित पाठ एवढेच राहते. साधन चालवता आले की गुण मिळतात. त्या साधनाने मुलाचे काय होते, याला गुण नाहीत. दुसरीकडे संस्थाचालक आणि अधिकारी समाजमाध्यमांविषयी बोलतात ते शिस्तीच्या भाषेत: हे टाकू नका, ते लिहू नका, संस्थेचे नाव खराब करू नका. या दोन्हींच्या मधली जागा रिकामी आहे, आणि शिक्षकाचे खरे काम त्याच जागेत आहे. माझे म्हणणे एवढेच, की समाजमाध्यमांचा जबाबदार वापर भावी शिक्षकांना शिकवायचा असेल, तर सुरुवात संस्थेच्या अब्रूपासून न करता वर्गातल्या मुलापासून करावी. तसे केले की पुष्कळ नियम आपोआप सुचतात आणि काही नियम अनावश्यक आहेत हेही दिसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख फोनच्या विरोधात नाही. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला चालवली आणि ती वाड्यावस्त्यांपर्यंत गेली ती प्रामुख्याने शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवरून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. दुर्गम तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत काम करणाऱ्याला गणित शिकवण्याची एखादी युक्ती शेजारच्या जिल्ह्यातून संध्याकाळी मिळते, ती याच पडद्यावर. हे सोडून द्या असे कुणी म्हणू नये.

आणि मुले तर तिथे आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना स्मार्टफोनविषयी विचारले होते. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे ६२ टक्क्यांना माहीत होते आणि आपले खाते खासगी कसे करायचे हे सुमारे ५५ टक्क्यांना. उरलेल्या ४५ टक्क्यांना ते कोण दाखवणार? घरी आईवडिलांना स्वतःलाच ते येत नसेल, तर शाळाच उरते. आणि शाळेतल्या बाईंचे स्वतःचे खाते सगळ्यांना खुले असेल, त्यावर वर्गातल्या मुलींचा स्नेहसंमेलनातला नाच असेल, तर त्या मुलांना काय दाखवतील?

कायदा इथे पुष्कळ स्पष्ट आहे, पण अध्यापक महाविद्यालयांत तो वाचला जात नाही. पोक्सो कायद्याचे, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे, कलम २३ सांगते की पीडित मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमांतून उघड करता येत नाही. यात शाळाही आहे, हे लक्षात ठेवायला हवे. गावात अशी घटना घडली की संतापाच्या भरात शाळेचे नाव, गल्लीचे नाव, कधी मुलीचा जुना फोटोही गटागटांतून फिरतो आणि पाठवणाऱ्याला वाटते की आपण तिच्या बाजूने उभे आहोत. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ चौकशी, तपास किंवा न्यायालयीन प्रक्रियेतल्या मुलांबाबत हेच सांगते, आणि ते मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अध्यापक महाविद्यालये सामाजिक उपक्रम म्हणून बालगृहांत जातात, वह्या वाटतात आणि वाटतानाचा फोटो काढतात. कलमाचा रोख बातम्यांवर असला, तरी त्यामागचे तत्त्व त्या फोटोलाही लागू पडते. बालगृहातले मूल तिथे का आले, हे जगाला कळावे की नाही हे ठरवण्याचा हक्क वही देणाऱ्याला मिळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर जूनमध्ये घेतलेली एक सही वर्षभराच्या प्रत्येक फोटोची संमती होऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

मग फोटो काढायचेच नाहीत का? काढावेत, पण शिकणे दिसेल असे काढावेत. चेहऱ्यांचा फोटो पाठाविषयी काहीच सांगत नाही. तो कुठल्याही शाळेतला, कुठल्याही तासाचा असू शकतो. त्याऐवजी अपूर्णांक समजावताना मुलाने घातलेली भाकरीची घडी, ओल्या फडक्यात मोड आलेल्या मटकीची पाचव्या दिवसाची नोंद, नाव झाकलेले वहीचे पान, ज्यात चूक कशी झाली आणि ती कशी सुधारली हे दिसते, असा फोटो दुसऱ्या शिक्षकाच्या खरोखर उपयोगी पडतो. माती कालवणारे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. महाविद्यालयात एक तास यासाठी द्यावा. प्रत्येकाने स्वतःच्याच फोनमधले वर्गाचे फोटो शेजाऱ्याला दाखवावेत, कुणाला पाठवू नयेत, आणि शेजाऱ्याने फक्त फोटो पाहून त्या मुलांविषयी काय काय कळते ते कागदावर लिहावे. त्या तासाला व्याख्यानाची गरज नसते. कागद भरत गेला की पाहणाऱ्यालाच कळते.

इथे सगळा दोष नव्या शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. त्यांच्यावर फोटो काढण्याची सक्ती वरूनच होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने असा निर्णय काढला होता, की शिक्षकांनी जानेवारीपासून सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून ते ‘सरल’ प्रणालीवर चढवावेत. हेतू गळती रोखण्याचा होता. विरोध झाला आणि निर्णय स्थगित झाला. पण पुराव्यासाठी फोटो ही सवय गेली नाही. वृक्षारोपण झाले, फोटो टाका. हात धुण्याचा दिवस झाला, फोटो टाका. शालेय पोषण आहाराच्या पंगतीचा फोटो, पुस्तके वाटल्याचा फोटो, आजच्या आज, बारा वाजेपर्यंत, केंद्राच्या गटावर. फोन शिक्षकाचा स्वतःचा असतो, म्हणून शेकडो मुलांचे चेहरे त्याच्या घरगुती फोटोंत मिसळतात, आपोआप त्याच्या खात्यावर साठत जातात, आणि बदली झाली, फोन विकला, हरवला, तरी त्यांचे काय झाले हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न शिक्षकाच्या नीतीचा नाही, व्यवस्थेच्या रचनेचा आहे. भावी शिक्षकाला हे दोन्ही शिकवले पाहिजे: स्वतःपुरती काळजी कशी घ्यायची, आणि अनावश्यक मागणी आली तर केंद्रप्रमुखांना सभ्यपणे, लेखी, कारण देऊन कसे विचारायचे. फोटोऐवजी मुख्याध्यापकांच्या सहीचा अहवाल चालेल का, एवढे विचारायला धाडस लागते. ते धाडस नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदम येत नाही, त्याची तयारी आधी करावी लागते.

वर्गाच्या गटाचेही तसेच. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येक सदस्याला इतर सगळ्यांचे क्रमांक दिसतात. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ अशी सोय चालू केली तरी क्रमांक दिसतच राहतात. गटात आईचा क्रमांक असतो, कधी थोरल्या बहिणीचा असतो. रात्री अकरा वाजता अनोळखी क्रमांकावरून ‘हाय’ येऊ लागले, तर ते कुठून आले हे शोधत बसण्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणे सोपे. तिच्यात एकाचा क्रमांक दुसऱ्याला कळत नाही, मात्र पालकांनी शिक्षकाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला असावा लागतो. हे पाच मिनिटांत शिकवता येते.

यापुढचा विषय पाच मिनिटांचा नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात आधीपासून फोनवर फिरत होते. संशयावरून जमाव जमला, पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले गेले आणि मारून टाकले गेले. यांतली बहुतेक माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीत दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. ती कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती. मूळ फितीत शेवटी तेच लोक मूल परत आणून ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक धरतात. तो शेवट कापून फीत पुढे पाठवली गेली होती. मुलांना जपा असे सांगायला केलेली गोष्ट माणसे मारायला कारण झाली.

अध्यापक महाविद्यालयात हा प्रसंग शिकवायलाच हवा असे मला वाटते, कारण तो शिक्षकाच्या अगदी दाराशी येतो. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला पालांवर जातो तो शिक्षकच. डवरी गोसावी, नंदीवाले, वैदू अशा घरांतले मूल शाळेत आले, तर त्याचे नाव पटावर घालतो तोही तोच. आणि गावाच्या ज्या गटावर ‘सावधान, परप्रांतीय टोळी’ असा संदेश येतो, त्या गटातही तो असतो. गावाने त्याला शिकलेला माणूस मानलेले आहे. त्याने पुढे पाठवलेल्या संदेशाला लोक शहानिशा झालेला संदेश मानतात. त्याने तिथे ‘हे खोटे आहे, याचा पुरावा हा’ असे लिहिले, तर त्यालाही तेवढेच वजन असते. तो काहीच बोलला नाही, तर त्या गप्प राहण्याचाही लोक अर्थ लावतात.

केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांनी लसीकरण अडले, त्यानंतर तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सरकारी शाळांत खोटे संदेश ओळखण्याचे तास सुरू केले. उपक्रमाचे नाव ‘सत्यमेव जयते’, सुरुवातीला सुमारे दीडशे शाळा. मुलांना शिकवण्याआधी शिक्षकांना शिकवावे लागले, आणि मला त्या उपक्रमातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरच्या गटावर वडिलांनी पाठवलेला संदेश खोटा आहे, हे बारा वर्षांच्या मुलीने वडिलांना कसे सांगायचे? ते कौशल्य तपासणीइतकेच महत्त्वाचे, आणि ते शिकवणाऱ्याला स्वतःच्या घरी जमलेले असावे लागते.

तपासायचे कसे, याविषयी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेले काम उपयोगी आहे. त्यांनी दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस स्टॅनफर्डचे विद्यार्थी घेतले आणि प्रत्येकासमोर संकेतस्थळे ठेवली. विद्यार्थी आणि इतिहासतज्ज्ञही पुष्कळदा त्याच पानावर खाली-खाली वाचत राहिले, नेटके बोधचिन्ह, विद्वत्तापूर्ण भाषा, संदर्भांची यादी यांवर विश्वास ठेवून फसले. तथ्यतपासनीस काही क्षणांत ते पान सोडून बाहेर पडले आणि हे लोक कोण आहेत, इतर त्यांच्याविषयी काय म्हणतात, हे दुसरीकडे शोधू लागले. म्हणजे पाठ्यपुस्तक वाचताना मुलांना आपण जी सवय लावतो, मन लावून शेवटपर्यंत वाचण्याची, ती इथे अपुरी पडते. भावी शिक्षकाला दोन्ही सवयी लागतात आणि केव्हा कुठली वापरायची हे कळावे लागते.

सरावासाठी परदेशी उदाहरणे नकोत. आपल्या ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याचा संदेश वर्षानुवर्षे फिरतो, शिक्षकांच्या गटांवरही फिरतो. युनेस्कोने असे काही जाहीर केलेले नाही. पावसाळ्यात ‘उद्या सर्व शाळांना सुट्टी’ असे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचे जुने किंवा बनावट पत्र दरवर्षी येते. शासन निर्णय म्हणून येणारी कागदपत्रे तर शिक्षकाला रोजची. खऱ्या शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो, त्याची सुरुवात तारखेच्या आकड्यांनी होते, आणि शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकला की मूळ निर्णय समोर येतो. छात्राध्यापकांना गटांत बसवून दहा कागद द्यावेत, काही खरे, काही खोटे, आणि शोधायला लावावे. वेतन, बदली, सुट्टी या विषयांवरचे कागद असले की कुणाचेही लक्ष विचलित होत नाही.

आता सर्वांत नाजूक भाग. शिक्षकाने स्वतःचे मत मांडावे का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातले प्राध्यापक ऑगस्ट २०२२ मध्ये पालक-शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप गटात होते. कलम ३७० रद्द झाल्याचा ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, असे त्यांनी स्टेटसवर लिहिले. हातकणंगले पोलीस ठाण्यात त्यांच्यावर समाजात वैर पसरवल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना शुभेच्छा देण्याचा हक्क नागरिकाला आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. शब्दांचा परिणाम दुबळ्या, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या मनांवरून मोजायचा नाही, विवेकी माणसावरून मोजायचा, ही जुन्या नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिवियन बोस यांनी घालून दिलेली कसोटी त्यांनी पुन्हा सांगितली. त्याआधी, २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली, त्या संतापातून सुरू झालेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरले होते. अध्यापक महाविद्यालयांनी हे निकाल विद्यार्थ्यांना वाचायला द्यावेत. गप्प बसणे म्हणजे जबाबदारी, असा समज करून घेतलेला शिक्षक मुलांना नागरिकशास्त्र शिकवू शकत नाही.

पण नोकरीचे नियम आहेत, तेही ठाऊक हवेत. राज्य शासनाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नयेत, पदनाम, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत वापरून रील करू नयेत, अशा त्यातल्या सूचना आहेत. काही रास्त आहेत. टीकेवरची बंदी किती ताणली जाईल याची मला काळजी वाटते, कारण शाळेच्या गळक्या छताचा फोटो टाकणारा शिक्षक धोरणावर टीका करतो की मुलांची बाजू मांडतो, हे ठरवणारा माणूस त्याचाच वरिष्ठ असतो.

माझ्या मते शिक्षकाची खरी मर्यादा या निर्णयात नाही, वर्गात आहे. सेटिंग बदललेले नसेल, तर स्टेटस एकमेकांचे क्रमांक जतन असलेल्या सगळ्यांना दिसते, आणि शिक्षक व पालक यांच्याकडे एकमेकांचे क्रमांक पुष्कळदा असतातच. सरकारच्या निर्णयावर टीका वाचून एखादा पालक चिडेल, वाद घालेल. ते चालते. पण रविवारी रात्री बाईंच्या स्टेटसवर एखाद्या जातीविषयी, धर्माविषयी, भटक्या जमातीविषयी घाण विनोद दिसला, तर त्या समाजातले मूल सोमवारी वर्गात हात वर करणार नाही. बाईंनी त्याला उद्देशून काही म्हटलेले नसते. त्याच्या आईने ते वाचलेले असते, आणि घरात जे बोलले गेले ते त्याने ऐकलेले असते. कायद्याने यातले बरेच काही गुन्हा ठरणार नाही. शिक्षक म्हणून ते अक्षम्यच.

उलट बाजूने, शिक्षकाच्या खासगी आयुष्यावर पाळत ठेवण्याची हौसही समाजाला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलर्सव्हिल विद्यापीठात २००६ मध्ये शिक्षणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला आंतरवासितेच्या अखेरीस अध्यापनाची पदवी नाकारली गेली. मायस्पेसवर पार्टीतला, हातात प्लास्टिकचा पेला असलेला तिचा फोटो होता. बातम्यांत एवढेच राहिले. न्यायालयापुढे आणखीही होते: तिने त्या पानाविषयी वर्गातल्या मुलांना सांगितले होते आणि तिथे आपल्या मार्गदर्शक शिक्षिकेवर शेरा मारला होता. २००८ मध्ये ती खटला हरली. कोलकात्यातल्या एका खासगी विद्यापीठातल्या साहाय्यक प्राध्यापिकेचे प्रकरण २०२२ मध्ये गाजले. तिच्या खासगी इन्स्टाग्राम खात्यावरचे पोहण्याच्या कपड्यांतले फोटो एका विद्यार्थ्याने पाहिले म्हणून त्याच्या वडिलांनी तक्रार केली. आपल्याला राजीनामा द्यायला भाग पाडले, असे तिचे म्हणणे. तिने स्वतःहून दिला, असे विद्यापीठाचे. ही दोन प्रकरणे एका तासात शेजारी शेजारी ठेवून छात्राध्यापकांना बोलते करावे. मुलांना स्वतःच्या खासगी पानाकडे नेणे आणि कुणीतरी ते पान उकरून काढणे यांत मोठा फरक आहे. स्त्री-शिक्षकांच्या बाबतीत हा फरक पुसून टाकला जातो, आणि वर्गात मुली बहुसंख्य असतील तर त्या स्वतःच ते सांगतील.

शेवटचा भाग आंतरवासितेच्या शेवटच्या दिवसाचा. निरोप समारंभ होतो, मुले कागदावर नवे सर, नव्या बाई यांचा क्रमांक मागतात, इन्स्टाग्रामचे नाव मागतात. तरुण शिक्षक मुलांना जवळचा वाटतो, म्हणून पुष्कळदा मुले त्यालाच ती गोष्ट सांगतात जी वर्गशिक्षकांना सांगत नाहीत. खासगी क्रमांक देऊ नये, बोलणे शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या मार्गाने व्हावे, हे खरे. तरी एखाद्या रात्री निरोप येतो. घरातलाच कुणी त्रास देतो आहे, किंवा कुणीतरी फोटो मागवून घेतला आणि आता धमकी देतो आहे.

त्या क्षणी काय करायचे हे तिथल्या तिथे सुचत नाही. कुणालाही सांगणार नाही असे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यावी लागते. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, संस्थेच्या प्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत. सद्भावाने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मुलाचा अश्लील फोटो किंवा चित्रफीत हाती आली, तर पुरावा म्हणूनही ती मुख्याध्यापकांना, मित्राला, गटावर पाठवायची नाही. पाठवणे हाच गुन्हा होऊ शकतो. फोन आहे तसा घेऊन पोलिसांकडे जायचे. शाळेत सखी सावित्री समिती असते, राज्याने मार्च २०२२ मध्ये ती ठरवून दिली आहे. जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यासाठी १९३० हे क्रमांक आहेत. मुलाची उलटतपासणी करायची नाही, सारखे सारखे सांगायला लावायचे नाही.

आणि मुलाला पहिले उत्तर द्यायचे ते साधे असावे: तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही, मी तुझ्यासाठी मदत आणते आहे, त्यासाठी मला काही मोठ्या माणसांना सांगावे लागेल. महाविद्यालयाने जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या अधिकाऱ्याला बोलवावे, दोघादोघांना समोरासमोर बसवावे, आणि आंतरवासितेला निघण्याआधी प्रत्येक छात्राध्यापकाकडून ही चार वाक्ये मोठ्याने म्हणवून घ्यावीत.